हवाई दलाची वैमानिक निवड चाचणी: एकदाच मिळणाऱ्या संधीची तयारी

भारतीय हवाई दलाच्या उड्डाण शाखेत अधिकारी व्हायचे असेल, तर लेखी परीक्षा आणि निवड मंडळाची मुलाखत यांच्यापलीकडे आणखी एक दार ओलांडावे लागते. या दाराला आज ‘कम्प्युटराइज्ड पायलट सिलेक्शन सिस्टिम’ म्हणजे सीपीएसएस म्हणतात. जुने उमेदवार तिला अजूनही पीएबीटी म्हणतात, कारण पूर्वी ‘पायलट अॅप्टिट्यूड बॅटरी टेस्ट’ या नावाने कागद-पेन्सिल आणि यांत्रिक उपकरणांवर हीच पारख होत असे. संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेच्या दोन प्रयोगशाळांनी, म्हणजे दिल्लीच्या मानसशास्त्रीय संशोधन संस्थेने आणि बेंगळुरूच्या वैमानिकी विकास संस्थेने, मिळून तिचे संगणकीकरण केले.

मी ही चाचणी म्हैसूरच्या निवड मंडळात दिली आणि उत्तीर्णही झालो. वैद्यकीय तपासणीही पार पडली, मात्र अंतिम गुणवत्ता यादीत माझे नाव आले नाही, आमच्या भाषेत ‘मेरिट आउट’ झालो. त्यामुळे हा लेख वैमानिकाचा नाही, फक्त चाचणीच्या त्या खुर्चीवर एकदा बसून आलेल्या माणसाचा आहे. प्रत्यक्ष चाचणीतील प्रश्न बाहेर न सांगण्याचे बंधन प्रत्येक उमेदवारावर असते आणि ते मी पाळणार आहे. ती माहिती नसली तरी तयारीचे फारसे अडत नाही, हे पुढे लक्षात येईल.

१. अभ्यासाआधी टेप हातात घ्या

बहुतेक जण लेखी परीक्षेपासून सुरुवात करतात. माझा आग्रह आहे की सुरुवात शिंप्याच्या टेपपासून करावी. वैमानिकाची उंची किमान १६२.५ सेंटिमीटर लागते, हे सर्वांना ठाऊक असते. पण कॉकपिटची, म्हणजे वैमानिकाच्या बसण्याच्या कक्षाची, जागा ठरलेली असल्यामुळे आणखी तीन मापे पाहिली जातात, आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. पायाची लांबी ९९ ते १२० सेंटिमीटर, बसलेल्या अवस्थेतील उंची ८१.५ ते ९६ सेंटिमीटर आणि मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४ सेंटिमीटर असावी लागते. भिंतीला पाठ आणि कंबर पूर्ण टेकवून सपाट बाकावर ताठ बसा. बाकापासून डोक्याच्या माथ्यापर्यंतचे अंतर ही बसलेली उंची, भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंतचे अंतर ही मांडीची लांबी, आणि पाय सरळ पसरल्यावर भिंतीपासून टाचेपर्यंतचे अंतर ही पायाची लांबी. माप दुसऱ्या व्यक्तीकडून घ्यावे, कारण स्वतः मोजताना आपण नकळत पुढे झुकतो.

माझ्या ओळखीच्या एका उंचपुऱ्या उमेदवाराने दोन वर्षे जीव तोडून तयारी केली आणि मग त्याची मांडी मर्यादेपेक्षा जास्त भरली. व्यायामाने वजन उतरते, हाड आखूड होत नाही. हे त्याला दोन वर्षे आधी कळले असते, तर त्याने ग्राउंड ड्युटीच्या, म्हणजे जमिनीवरील कामाच्या, शाखांसाठी त्याच जोमाने अर्ज केला असता.

डोळेही याच आठवड्यात तपासून घ्या. एका डोळ्याची दृष्टी ६/६ आणि दुसऱ्याची ६/९ असावी, आणि ती ६/६ पर्यंत सुधारता येण्याची सवलत फक्त दूरदृष्टीच्या (हायपरमेट्रोपिया, म्हणजे जवळचे अंधुक दिसण्याच्या) दोषासाठी असते. रंग ओळखण्यातील दोष आपल्याला आहे, हे अनेकांना वैद्यकीय तपासणीपर्यंत माहीतच नसते. त्यासाठी रंगीत ठिपक्यांतून अंक ओळखण्याची साधी चाचणी कोणताही नेत्रतज्ज्ञ काही मिनिटांत करतो.

वय आणि शिक्षणाचा हिशेब सोपा आहे. एनडीएसाठी (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) वय साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षे आणि बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागते. एएफकॅट या हवाई दलाच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून उड्डाण शाखेत जाण्यासाठी वय २० ते २४ वर्षे लागते, आणि व्यावसायिक वैमानिक परवाना असल्यास ही मर्यादा २६ पर्यंत जाते. पदवीला ६० टक्के आणि बारावीला भौतिकशास्त्र व गणित या दोन्ही विषयांत प्रत्येकी ५० टक्के गुण आवश्यक असतात. हे वय अर्जाच्या दिवशी नव्हे तर अभ्यासक्रम सुरू होतो त्या तारखेला मोजले जाते, म्हणून जाहिरातीतील जन्मतारखेची मुदत नीट वाचावी.

२. ‘एकदा बघून तर येऊ’ हा विचार सोडा

ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. त्यात अनुत्तीर्ण झालेला उमेदवार पुन्हा कोणत्याही मार्गाने, एनडीए असो, सीडीएस (संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा) असो, एएफकॅट असो किंवा एनसीसीची विशेष भरती असो, हवाई दलाच्या उड्डाण शाखेसाठी पात्र राहत नाही. नौदलाच्या वैमानिक प्रवेशासाठीही हाच निकाल ग्राह्य धरला जातो. निवड मंडळाच्या मुलाखतीत अपयश आले तर वयात बसेपर्यंत पुन्हा जाता येते, म्हणून ‘पहिली खेप अनुभवासाठी’ असे म्हणण्याची पद्धत पडली आहे. मुलाखतीपुरते ते ठीक असेलही, पण उड्डाण शाखेच्या उमेदवाराची शिफारस पहिल्याच खेपेस झाली तर त्याला या खुर्चीवर बसावेच लागते. अनुभव घ्यायला गेलेला मुलगा तयारी नसताना तिथवर पोहोचतो आणि आयुष्यातली एकमेव संधी त्या दुपारी खर्च करून येतो. बारावी झालेल्या मुलांच्या बाबतीत हे अधिक घडते.

याच्या उलट एक चूक त्याहून गंभीर आहे. आधी अनुत्तीर्ण झालेले काही जण ती माहिती लपवून दुसऱ्या मार्गाने अर्ज करतात. जुन्या नोंदी मंडळांकडे असतात, आणि खोटी माहिती दिल्याचे उघड झाले की उमेदवारी तर जातेच, शिवाय विश्वासार्हता जाते ती वेगळी.

३. कागदपत्रे

बोलावणे आल्यावर धावपळ होऊ नये म्हणून पुढील कागद आधीच एका फाइलमध्ये लावून ठेवावेत. सोबत प्रत्येकाच्या स्वसाक्षांकित प्रती असाव्यात.

• मुलाखतीचे बोलावणे पत्र आणि परीक्षेचे प्रवेशपत्र
• दहावी व बारावीच्या मूळ गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रे
• पदवीचे प्रमाणपत्र आणि सर्व सत्रांच्या गुणपत्रिका. शेवटच्या वर्षाला असाल तर महाविद्यालयाच्या प्राचार्यांचे पत्र
• आधार कार्ड आणि आणखी एक ओळखपत्र
• पांढऱ्या पार्श्वभूमीवरील पासपोर्ट आकाराची रंगीत छायाचित्रे, किमान वीस
• नोकरीत असल्यास कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र
• प्रवासाची तिकिटे आणि बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, कारण त्या प्रकारच्या भरतीसाठी पहिल्यांदा जाणाऱ्याला रेल्वेच्या वातानुकूलित तृतीय श्रेणीपर्यंतचे भाडे परत मिळते

महाराष्ट्राच्या शिक्षण मंडळातून उत्तीर्ण झालेल्यांनी नावाकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचे आणि वडिलांचे नाव असा क्रम असतो, तर आधारवर बहुधा स्वतःचे नाव आधी येते. त्यात इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर कमी-जास्त झाले, तर पडताळणीच्या टेबलावर प्रश्न निघतो. अर्ज भरताना दहावीचे प्रमाणपत्र समोर ठेवून अक्षर न् अक्षर तसेच उतरवावे. आधारमध्ये दुरुस्ती लागत असेल तर ती बोलावणे येण्याची वाट न पाहता करून घ्यावी.

४. घड्याळे वाचायला शिका

चाचणीचा पहिला भाग उपकरण-वाचनाचा असतो. विमानाच्या पॅनेलवरील सहा तबकड्या दाखवून त्यांवरून विमानाची स्थिती ओळखायची असते. मंडळात आधी सविस्तर माहिती आणि सराव दिला जातो, त्यामुळे पूर्वज्ञान लागत नाही, असे अधिकृतपणे सांगितले जाते आणि ते खरेही आहे. तरीसुद्धा ज्याने या सहा तबकड्या आयुष्यात पहिल्यांदाच पाहिल्या, त्याचा वेळ समजून घेण्यात जातो आणि ज्याने त्या आधी पाहिल्या आहेत, त्याचा वेळ उत्तर देण्यात जातो. साऱ्या तयारीत कष्टाचे सर्वांत चोख फळ मिळते ते इथेच.

वेगदर्शक तबकडी नॉटमध्ये असते आणि एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. तिच्यात फसण्यासारखे काही नाही.

फसवणारी तबकडी म्हणजे उंचीदर्शक. तिला घड्याळासारखे काटे असतात. लांब काटा शेकडो फूट दाखवतो आणि १,००० फुटांना एक फेरी पूर्ण करतो. आखूड काटा हजार फूट दाखवतो, आणि तिसरी लहान खूण दहा हजारांची असते. समजा लांब काटा ९ वर आहे आणि आखूड काटा जवळजवळ ५ वर आहे. घाईत उत्तर येते ५,९०० फूट. पण आखूड काटा अजून ५ च्या पुढे गेलेला नसतो, म्हणून खरी उंची ४,९०० फूट असते. घड्याळात पाचला दहा मिनिटे कमी असताना तासकाटा पाचला जवळजवळ टेकलेला असतो आणि तरीही आपण चार वाजून पन्नास मिनिटे म्हणतो, तोच हा नियम. नेहमी आधी आखूड काट्याने ओलांडलेला अंक वाचावा, मग लांब काट्याकडे यावे.

दिशादर्शकावर शेवटचे शून्य गाळलेले असते. ३ म्हणजे ३० अंश, १२ म्हणजे १२० अंश, ३३ म्हणजे ३३० अंश, आणि ९०, १८०, २७० अंशांच्या जागी पूर्व, दक्षिण, पश्चिम यांची इंग्रजी आद्याक्षरे असतात. चढ-उतार दाखवणाऱ्या तबकडीचे शून्य डावीकडे, म्हणजे नऊ वाजण्याच्या जागी असते; काटा वर गेला की विमान चढते आहे, खाली गेला की उतरते आहे. वळण दाखवणाऱ्या तबकडीत काटा वळणाची दिशा सांगतो, तर खालच्या नळीतील गोळी विमान वळणात आत घसरते आहे की बाहेर फेकले जाते आहे, ते सांगते.

सहावी तबकडी कृत्रिम क्षितिजाची, आणि नव्या माणसाची खरी परीक्षा तिच्यावर होते. तिच्यातील छोटे विमान स्थिर असते आणि मागचे क्षितिज हलते. वरचा निळा भाग आकाश, खालचा तपकिरी भाग जमीन. विमानाने नाक वर केले की छोटे विमान निळ्या भागात दिसते, हे सहज पटते. पण विमान उजवीकडे कलले की क्षितिजाची रेघ डावीकडे कललेली दिसते, म्हणजे तिचे डावे टोक खाली आणि उजवे टोक वर जाते. पहिल्या काही दिवसांत प्रत्येक जण इथे उलटे उत्तर देतो. एसटीच्या खिडकीतून पाहताना झाडे मागे पळत असली तरी पुढे आपण जातो, हे लहानपणी जसे अंगवळणी पडले, तसेच हेही पाठांतराऐवजी सवयीनेच पक्के होते.

यानंतर दोन तबकड्या एकत्र वाचून विमान कसे दिसेल ते ओळखायचे. उत्तरेकडे निघालेल्या विमानाची शेपटी आपल्याकडे असते, असे धरून चालावे. मग दक्षिणेकडे निघालेल्या विमानाचे नाक आपल्याकडे येते आणि त्याचा उजवा पंख आपल्या डाव्या हाताला येतो. अर्ध्याहून अधिक चुका याच अदलाबदलीमुळे होतात, असा माझा स्वतःच्या सरावातला अनुभव. माझा उपाय पोरकट वाटेल, पण तो कामाचा आहे. पुठ्ठ्याचे छोटे विमान करावे आणि उजव्या पंखाचे टोक हिरव्या, तर डाव्या पंखाचे टोक लाल स्केचपेनने रंगवावे. खऱ्या विमानाच्या पंखांवरचे दिवे याच रंगांचे असतात. मग कुणालातरी ‘दिशा २२५, डावीकडे कल, नाक खाली’ असे बोलायला सांगून विमान हातात तसे धरावे. रोज पंधरा मिनिटे, तीन आठवडे. शेवटच्या आठवड्यात पुठ्ठा बाजूला ठेवून डोळे मिटून हेच करावे. घरी संगणक असेल तर फ्लाइटगिअर हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन हलत्या तबकड्या पाहाव्यात. त्यात विमान उतरवता आले नाही तरी चालेल, तबकड्या वाचता आल्या की पुरे.

५. हात, पाय, डोळे आणि कान

दुसऱ्या भागात उमेदवार कॉकपिटसारख्या खुर्चीवर बसतो. समोर पडदा, हातात स्टिक, पायाखाली रडरची (शेपटीवरील सुकाणूची) पेडल आणि कानांवर हेडफोन. हात आणि पाय यांनी एकाच वेळी पडद्यावरील लक्ष्य ताब्यात ठेवायचे आणि त्याच वेळी दिव्यांना व आवाजांना प्रतिसाद द्यायचा, असे या भागाचे साधारण स्वरूप पूर्वीपासून आहे. त्याला आता विभागलेले लक्ष आणि स्मरण यांच्या आकलन-चाचण्यांची जोड मिळाली आहे.

या भागासाठी हजारो रुपये घेऊन जॉयस्टिकचे वर्ग चालवणारे बरेच आहेत. माझे मत स्पष्ट आहे: हा पैसा वाचवावा. प्रत्येक यंत्राचा ताठरपणा वेगळा असतो, आणि एका यंत्राची सवय दुसऱ्यावर आड येते. व्हिडिओ गेममध्ये मुरलेल्या मुलांचे तसेच होते. स्टिक पुढे ढकलल्यावर बिंदू कुठे जाईल, हे त्यांच्या हाताला आधीच ‘माहीत’ असते, आणि ब्रीफिंगमध्ये, म्हणजे चाचणीआधीच्या सूचनांत, सांगितलेली दिशा त्याहून वेगळी असली की हात जुन्याच वाटेने जातो.

घरी करता येईल असा सराव वेगळा आहे. कागदावर एक नागमोडी रेघ काढून डाव्या हाताने पेन्सिल तिच्यावरून फिरवावी. त्याच वेळी कुणी अंक वाचत राहावे आणि तीनने भाग जाणारा अंक आला की पायाने ठेका द्यावा. दोन्ही कामे शंभर टक्के साधणार नाहीत आणि तशी अपेक्षाही नाही. एका कामात चूक झाल्यावर दुसरे काम न सोडणे, एवढीच सवय लावायची आहे. खुर्चीवर बसल्यावर बिंदू निसटतोच. निसटल्यावर जो घाबरून स्टिक जोरात ओढतो, तो पुढची दहा सेकंदे गमावतो. जो हलक्या हाताने त्याला परत आणतो, त्याचे नुकसान क्षणभराचे असते.

मराठी माध्यमातून शिकलेल्यांसाठी एक अधिक सांगायचे आहे, कारण हे मला कुणी सांगितले नव्हते. मंडळातील सर्व सूचना इंग्रजीत असतात. आपण मनात अंक मराठीत धरतो, आणि मराठीत ‘सदुसष्ट’ म्हणताना आधी सात येतो, मग साठ. ताण नसताना काहीच अडत नाही, पण घाईत ‘सिक्स्टी सेव्हन’ ऐकून मी ७६ लिहिलेले आहे. म्हणून महिनाभर तरी गाड्यांचे क्रमांक, फोन नंबर, बसचे नंबर इंग्रजीत, एकेक अंक सुटा करून मनात म्हणावेत.

६. थकवा हा अभ्यासक्रमाचाच भाग समजा

मंडळाचे पहिले चार-पाच दिवस स्क्रीनिंग (प्राथमिक चाळणी), मानसशास्त्रीय चाचण्या, गट-चाचण्या, मुलाखत आणि शेवटची कॉन्फरन्स यांत जातात. उड्डाण शाखेसाठी शिफारस झालेल्यांची सीपीएसएस यानंतर येते. म्हणजे ज्या चाचणीला ताजे डोके हवे, ती सर्वांत दमलेल्या अवस्थेत द्यावी लागते. त्यात शिफारस झाल्याचा आनंद असतो, घरी फोन झालेले असतात, आणि आदल्या रात्री अर्धी बराक जागी असते. मीही त्या रात्री जेमतेम तीन तास झोपलो आणि सकाळी उपकरण-वाचनाच्या सरावातच दोन सोपे प्रश्न चुकवले. ती चूक सरावात झाली, हे माझे नशीब.

त्यामुळे घरून निघण्याआधी पंधरा दिवस रात्री दहाला झोपून पहाटे पाचला उठण्याची सवय लावावी, कारण मंडळातील दिवस लवकर सुरू होतो. डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर किंवा वाराणसी, बोलावणे कुठूनही आले तरी एक दिवस आधी पोहोचावे. आरक्षण न मिळाल्याने जनरल डब्यात उभ्याने केलेल्या रात्रीच्या प्रवासाची भरपाई पुढचे पाच दिवस होत नाही.

मंडळाच्या पहिल्या दिवसांची तयारी करण्यासाठी महाराष्ट्रातील उमेदवारांना एक चांगली सोय आहे. नाशिक रोड येथील छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात राज्याच्या सैनिक कल्याण विभागामार्फत एसएसबीचा, म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखतीच्या तयारीचा, निवासी वर्ग विनामूल्य चालतो. आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पात्रतेचे कागद घेऊन चौकशी करावी. खासगी वर्गाची फी भरण्याआधी तरी नक्कीच करावी.

७. खुर्चीवर बसण्याच्या दिवशी

पोटभर नव्हे, बेताचा नाश्ता करावा. जड तळाचे बूट टाळून पायाला घट्ट बसणारे हलके बूट घालावेत, म्हणजे पेडलचा दाब तळव्याला कळतो. ब्रीफिंग सुरू असताना ‘हे मला माहीत आहे’ असे वाटू लागले की सावध व्हावे, कारण इंटरनेटवर वाचलेले आणि त्या दिवशी सांगितलेले यांत फरक असेल, तर खरे तेच जे त्या दिवशी सांगितले. शंका तिथेच विचारावी. त्यामुळे गुण कमी होतील, ही भीती निराधार आहे.

खुर्चीवर बसताच अंतर नीट लावून घ्यावे आणि दोन्ही पेडल पूर्ण दाबता येतात ना, ते पाहावे. आमच्यातला एक जण संकोचाने काही बोलला नाही आणि सबंध चाचणी ताणलेल्या पायाने देऊन आला. चाचणी सुरू झाल्यावर शेजाऱ्याकडे पाहू नये. मधल्या विश्रांतीत कुणाचे कसे गेले, याची चर्चा तर मुळीच नको.

८. निकालानंतर

उत्तीर्ण झालेल्यांची वैद्यकीय तपासणी दिल्लीच्या हवाई दल केंद्रीय वैद्यकीय आस्थापनेत किंवा बेंगळुरूच्या हवाई वैद्यक संस्थेत होते, आणि तिच्यानंतर गुणवत्ता यादी लागते. शिफारस झाली म्हणजे निवड झाली, असे गावभर सांगण्याची घाई करू नये. मी ती केली होती आणि पुढचे सहा महिने प्रत्येक लग्नात ‘कधी जाणार?’ या प्रश्नाला उत्तर देत होतो.

अनुत्तीर्ण झालेल्यांसाठी हवाई दलाच्या ग्राउंड ड्युटीच्या शाखा, तसेच भूदल आणि नौदलातील उड्डाणाव्यतिरिक्तचे मार्ग खुले राहतात. नागरी विमानचालनाशी तर या निकालाचा काहीच संबंध नाही. व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे निकष लागतात, तिथे चष्माही चालतो, आणि गोंदिया व बारामती येथे उड्डाण प्रशिक्षणाच्या संस्था आहेत. खर्च मात्र मोठा असतो, त्यामुळे आधी वैद्यकीय प्रमाणपत्र आणि मग शुल्क, हा क्रम मोडू नये.

चाचणी उत्तीर्ण होऊन मेरिट आउट झालेल्यांना पुढच्या खेपेस ती पुन्हा द्यावी लागत नाही. मात्र प्रत्येक नव्या मंडळात पहिल्याच दिवशी जे माहितीपत्रक भरून घेतले जाते, त्यात आधीच्या मुलाखतींची तारीख, ठिकाण, बॅच क्रमांक आणि चेस्ट नंबर (छातीवर लावायचा क्रमांक) विचारतात. परतीच्या गाडीत बसल्याबरोबर हे चार तपशील डायरीत लिहून ठेवावेत आणि बोलावणे पत्र त्याच पानाला टाचून ठेवावे.